काहिलीवरची मळी

नातीनं परवा तिची एक कादंबरी माझ्या हातात दिली. आज्जी वाच, तुला आवडेल, म्हणाली. मुखपृष्ठावर केस उडवत उभी असलेली पोरगी, गळ्यात निळं लॉकेट, मागं धुक्यात राजवाडा. लॉकेट दाबलं की ही पोरगी काळात मागं जाते. मी थोडी पानं वाचली आणि पुस्तक मिटून उशाशी ठेवलं. ही बया कुठल्या कुठं मागं जाते, रेशमी झगा घालून नाचते, राजपुत्र तिच्यावर भाळतो, आणि त्या अख्ख्या राजवाड्यात तिला एकही माणूस विचारत नाही, की तू कुणाची गं? कुणाच्या घरची, कुठल्या आळीची? मला शिसारीच आली. नात म्हणाली, अगं गोष्ट आहे ती, जादू आहे. मी म्हटलं, बाई, जादू मी बघितलेली आहे. मी स्वतः मागं जाऊन आलेली आहे, आणि तिथं लॉकेट नव्हतं न् राजवाडाही नव्हता. नात हसली. तिला वाटलं, म्हातारी फिरकी घेतेय. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं बघावं, मला त्याची पडलेली नाही.

आमचं गाव कडेगाव आणि इस्लामपूरच्या मधलं, चहूकडं ऊस. तेव्हा कारखाना नुकता उभा राहत होता, त्यामुळं गावात गुऱ्हाळं अजून पेटत होती. भाऊसाहेबांचं गुऱ्हाळ सगळ्यात मोठं. हे भाऊसाहेब म्हणजे गावातले बडे बागायतदार, खादीचं धोतर, इस्त्रीची टोपी, तोंडात सदा समतेची भाषा. थंडी पडली की त्यांच्या माळावर इंजिन धडधडायला लागायचं, घाण्यातून रस यायचा, आणि चुलवाणावर ठेवलेल्या परसाएवढ्या पसरट कढईत, म्हणजे काहिलीत, तो रटरटायचा. गुळाच्या वासाबद्दल लोक काय काय लिहितात. त्यांना काहिलीजवळ नेऊन उभं करायला पाहिजे. उकळत्या रसात रानभेंडीचा चीक पिळतात, मग उसाबरोबर आलेली माती, किडे, पाचटाची कुजकी कुसं, सगळं फेसाबरोबर वर येतं. ती मळी. हिरवट काळी, चिकट, ताजी असताना गरम आणि दुसऱ्या दिवशी आंबलेली, माश्यांनी भरलेली. गुळव्या ती झाऱ्यानं काढून डब्यात टाकायचा आणि डबा लांब ढकलायचा. तो उचलून ओढ्याकडच्या खड्ड्यात ओतायचं काम आमच्याकडं. काहिलीला हात लावायचा नाही, गुळाच्या ढेपेला हात लावायचा नाही, पण मळी आमची. काकवी पाव्हण्यांना, गरम गूळ गावच्या पोरांना, आणि आमची पोरं टकामका बघत उभी राहिली की कुणीतरी हसत म्हणायचं, द्या रं तिकडं थोडी मळी.

आमच्या घरात मात्र गूळ यायचा नाही. सबंध गावाला गुळाचा वास आणि आमच्या घरी हुलग्याचं माडगं, मिरचीचा खर्डा, भाकरी, आणि रेशनची साखर असेल तर गोड चहा, नसेल तर तसाच काळा. आई, तिचं नाव सखू, फार बोलायची नाही पण तिचं बोलणं म्हणजे हुकूम असायचा. बाबा फौजेत होते, वर्षाकाठी सुट्टीवर यायचे, आईला बघून म्हणायचे, आमच्या सुभेदारापेक्षा ही कडक. मी लहान असताना आमच्या आळीनं बौद्ध धर्म घेतला. आईनं देव्हाऱ्यातले टाक, परडी, मरीआईचा मुखवटा सगळं गोणपाटात बांधलं आणि कृष्णेत सोडून आली. परत आल्यावर तिनं हात राखेनं घासले. तेव्हापासून भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. अंगात येणं, अंगारा, उतारा, ह्यातलं काही कुणी घरात बोललं तर ती त्याला पाणी देऊन वाटेला लावायची. मी शाळेत हुशार होते, मॅट्रिक झाले की मला साताऱ्याला बोर्डिंगात घालायचं हे तिनं मनाशी पक्कं केलेलं होतं. तिच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

मी पहिल्यांदा गेले ती अगदीच वेडेपणानं. गुऱ्हाळावर आई चिपाडं वाळत घालत होती, मी मळीच्या डब्याशी होते. बारा-तेरा वर्षांची असेन. भूक लागली होती आणि सगळ्या माळावर गोडाचा वास. बोटानं थोडी मळी घेतली आणि चाटली. गोड, मग खारट, मग मातकट, आणि दाताखाली काहीतरी कचकन फुटलं. इंजिनाचा आवाज बंद झाला. वर बघते तर इंजिनच नाही. त्याच जागी लाकडी घाणा, त्याला दोन बैल, आणि ओळखीचं एक माणूस नाही. एक मिशाळ गडी माझ्याकडं बघून ओरडला, कुणाची हाय ही, हिकडं आत कशी आली, आणि त्यानं हातातला ऊस माझ्यावर उगारला. दाताखालचं ते अजून तोंडातच होतं. मी भडाभडा ओकले, आणि डोळे उघडले तर इंजिन धडधडत होतं. माझ्या पुढ्यात आई उभी. चुलवाणात जाळ घालणारा म्हातारा तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होता.

आईनं मला ओढत ओढ्यावर नेलं, तोंड धुतलं, आणि एवढंच विचारलं, काय दिसलं. मी म्हटलं, बैल. तिनं मला तिथंच बसवलं. मग त्या ओढ्याच्या काठावर तिनं मला आज्जीची गोष्ट सांगितली, जी तोवर कधी सांगितली नव्हती. आज्जीचं नाव बायजा. डाव्या हाताची करंगळी घाण्यात गेलेली. तिला हे मागं जाणं येत होतं आणि भाऊसाहेबांच्या आजोबांना ते कळलं होतं. कुणाचं काय हरवलं, कुठल्या म्हाताऱ्यानं मरताना काय पुरून ठेवलं, कुठल्या भाऊबंदानं कधी काय कबूल केलं, हे बघायला ते तिला पाठवायचे. मळी जेवढी शिळी तेवढं माणूस मागं जायचं. म्हणून तिला आंबलेली, किडे पडलेली खायला घालायचे. जायचं मळी खाऊन आणि यायचं ओकून, दुसरी वाट नाही. पोटात किळस उठली की शरीर जिथलं तिथं येऊन पडतं. आज्जी वर्षानुवर्षं खात गेली. मग एक दिवस गेली ती परत आलीच नाही. तिला त्या मळीची सवय झाली होती. गावानं ठरवून टाकलं, विहिरीत पडली असेल, आणि विहिरीत गळ टाकून बघायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत. आई तेव्हा एवढीशी होती. तिन्हीसांजेला दारात बसून राहायची.

"किळस जाऊ दिऊ नगंस कुसे," आई म्हणाली. "किळस हाय तवर तू माजी हाईस."

त्यानंतर ती मला मुद्दाम शिकवायची, दुसऱ्या आया पोरींना स्वयंपाक शिकवतात तसं. कुणी वरून पाणी ओतलं, कुणी उष्टं पुढं केलं, कुणी लाडानं 'तुमच्यातली असून हुशार हाय' म्हणालं, की घरी आल्यावर विचारायची, कसं वाटलं? मी काही नाही म्हटलं तर तिला आवडायचं नाही. मळमळलं म्हटलं की ताटात भाकरी वाढायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, सखू पोरीला नकचढी करून ठेवतेय. ठेवली, बरं केलं.

जाळ घालणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मी मॅट्रिकच्या वर्गात जाईपर्यंत ती गोष्ट भाऊसाहेबांच्या कानावर गेली. त्यांच्या घरात 'आजोबांची जाणारी बाई' ही गोष्ट चालत आलेलीच होती. आता इथं जरा थांबून विचार करा. काळाच्या पोटात शिरता येणारं माणूस तुमच्या गावात आहे असं कळलं, तर तुम्ही काय विचाराल? काय बघून ये म्हणाल? भाऊसाहेबांना बांध बघायचा होता. चुलतभावाशी त्यांचं भांडण होतं, उसाच्या चार-दोन सऱ्यांवरून. पणजोबांच्या वेळी बांधावरचा शेंदूर लावलेला दगड कुठं होता एवढंच त्यांना पाहिजे होतं. तेवढ्यासाठी त्यांनी एका लोणच्याच्या बरणीत मळी घालून ती सबंध वर्षभर मुरवत ठेवली होती. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आई चिपाडाच्या कामाला दुसऱ्या टोकाला होती. भाऊसाहेबांनी मला बांधावर बोलावलं. गेले तर आंब्याच्या सावलीत खुर्ची मांडलेली, माझ्यासाठी. वहिनीसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतः आल्या होत्या. बस गं कुसुम, म्हणाल्या. त्या घरच्या कुणी मला कुसुम म्हणायची ती पहिली वेळ. मी सोळा वर्षांची, पायात बाबांनी सांगलीहून आणलेली नवी चप्पल, समोर खुर्ची. बसले. भाऊसाहेबांनी मोठं भाषण केलं. आमच्या आजोबांनी तुझ्या आज्जीला फार वाईट वागवलं, घाण खायला घातली, ते दिवस गेले, आपण तसं करायचं नाही. आणि वहिनीसाहेबांनी चांदीची वाटी पुढं केली. त्यांनी त्या मुरलेल्या मळीत वेलदोडे घातले होते, जायफळ घातलं होतं, वर तूप सोडलं होतं. वस्त्रानं गाळून घेतली होती. वासानं तोंडाला पाणी सुटलं. चांगल्या मनानं केलं होतं हो त्यांनी, तेच तर. दोघांनाही वाटत होतं की आपण पोरीवर उपकार करतोय. ओकल्याशिवाय परत येता येत नाही हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, ते फक्त आमच्या बायकांना माहीत. आणि मी, आईनं जिच्याकडून एवढं घोकून घेतलं ती मी, त्या खुर्चीत बसून सगळं विसरले आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली.

मागं गेले. आंबा नव्हता तिथं, नुसतं खडकाळ रान आणि तुरळक जोंधळा. दगड होता, शेंदूर लावलेला. बघितला आणि ओकायची वाट बघत उभी राहिले. काही होईना. जिभेवर जायफळ, पोट गार. घशात बोटं घातली, नुसत्या उचक्या आल्या. मळीचा वास आठवून बघितला, तर वेलदोड्याचाच वास आठवायचा. ऊन कलायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी अडकलेय. आईला हाक मारली. ज्या काळात माझी आई जन्मलेलीच नाही त्या काळात मी तिला हाका मारत होते.

मग डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई रानातून आली. केस पिकलेले, हनुवटीवर गोंदण. भारा सावरायला तिनं डावा हात वर केला आणि मला दिसलं, करंगळी नाही. मी तिच्याकडं बघत राहिले आणि ती माझ्या चपलेकडं, माझ्या शाळेच्या झंपराकडं, मग माझ्या आईसारख्या तोंडाकडं. तिनं भारा टाकून दिला. इतक्या वर्षांत इकडून तिकडं कुणी आलं नव्हतं.

"माज्या सखूची तू?" ती म्हणाली.

मी मान हलवली. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. सखू केवढी झाली, तिला कुणी वाढवलं, तिला ताप यायचा तो अजून येतो का, एकामागून एक विचारत गेली. मी सांगत गेले. मग मीच विचारलं, आज्जे, तू परत का आली नाहीस. ती म्हणाली की एका खेपेला ओकारी आलीच नाही, थोडे दिवस रडले, मग सवय झाली. आणि मग माझी समजूत घालायला लागली. इथं तसं वाईट नाही, पोटाला मिळतं, मालक लय चांगले आहेत, दुसरे वरून टाकतात, हे पानावर ठेवतात. तू पण राहशील, मी आहे ना. फडक्यातून अर्धी भाकरी काढून तिनं माझ्या हातात दिली. खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटत होतं. तिचा हात खरखरीत आणि ऊबदार होता, आणि मला फार एकटं वाटत होतं.

तेवढ्यात पाऊलवाटेवर काठीचा आवाज आला. आज्जी एकदम बदलली. पाठ वाकली, नजर खाली गेली, वाट सोडून ती काट्यात जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती, इतकं ते मुरलेलं होतं.

"पायतान काढ पोरी," ती हळू म्हणाली. "मालक येत्यात."

आणि माझा हात वाकून चपलेच्या अंगठ्याकडं गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपला आपण गेला, जसा काही शंभर वर्षं तेच काम करत होता. मी माझ्या त्या हाताकडं बघितलं आणि बेंबीच्या देठापासून मला ढवळून आलं. जायफळ, तूप, चांदीची वाटी, ती खुर्ची, 'बस गं कुसुम', सगळं घशाशी आलं. आज्जीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. काठीचा आवाज जवळ येत होता, तरी ती काट्यातून बाहेर आली, वाटेच्या मधोमध येऊन तिनं मला धरलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"वक," ती म्हणाली. "समदं वक, बाळा."

मी तिचा हात घट्ट धरला होता. तो सुटला.

आंब्याखाली, खुर्चीशेजारी येऊन पडले ती ओकतच. भाऊसाहेबांनी आधी धोतर सावरलं, दोन पावलं मागं सरले, आणि विचारलं, दगड कुठं होता? पोरगी जिवंत आहे का, पाणी पाहिजे का, ते नाही. दगड कुठं होता. वहिनीसाहेबांनी ती वाटी पदराच्या टोकानं उचलली आणि गड्याला सांगितलं, चुलवाणाच्या विस्तवातून काढून आण, मग घासायला टाक. समतेचं भाषण ऐकून तास-दोन तास झाले असतील. मी उठले, तोंड पुसलं, चप्पल पायात नीट सरकवली आणि त्यांच्या सऱ्यांमधून, त्यांच्या मऊ केलेल्या मातीवरून, चपला वाजवत निघाले. मागून हाका आल्या. मी वळून बघितलं नाही.

तो दगड कुठं होता ते मला अजून माहीत आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. भाऊसाहेब गेले, चुलतभाऊ गेले, नातवंडं अजून कोर्टात आहेत आणि त्या सऱ्यांमध्ये बाभळी माजल्यात. पुढं सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळं विझली, काहिली भंगारात गेल्या. मळीही गेली, ती माझी जादूही गेली. सुटले. मी साताऱ्याला बोर्डिंगात गेले, शिकले, शिक्षिका झाले. आजही कुणी फार गोड बोलून खुर्ची पुढं केली की मी आधी उभी राहून वास घेते. लोक म्हणतात, बाई खडूस आहेत. आहे.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आई चुलीपुढं होती. माझ्या झंपरावरचे डाग बघून तिला सगळं कळलं. मला वाटलं, मारेल. तिनं मारलं नाही. भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, दिसली का? मी म्हटलं, दिसली. कशी हाय? मी जे ऐकलं होतं ते सांगितलं, की चांगलं आहे म्हणाली, मालक पानावर ठेवतात म्हणाली. आई उठली, दारापाशी गेली आणि बाहेर थुंकली. तशीच पाठमोरी उभी राहिली. एवढी वर्षं जिची वाट बघितली तिचा हा असा निरोप. मला ते बघवेना.

"पर मला वकायला तिनंच लावलं," मी म्हटलं. "मालक येत हुता तरी वाटंवर आली. पाठीवरनं हात फिरवला."

आई वळली. "कुटं?" म्हणाली.

मी पाठ करून बसले आणि दाखवलं, इथं, दोन्ही खांद्यांच्या मधे. आई माझ्या मागं येऊन बसली. चुलीवरची भाकरी करपत होती, तिकडं तिनं बघितलं नाही. तिनं आपला तळहात त्या जागेवर ठेवला, आणि कितीतरी वेळ तो तसाच तिथं राहू दिला.